आमच्या फियाटचं कुईंकुईं

कुईं... कुईं... कुईं!

नाही, पहाटेचा पक्षी वगैरे नाही. ही आमची गाडी सोसायटीच्या गेटातून आत शिरतेय. गेल्या वर्षी हा आवाज मुलुंडच्या आमच्या गल्लीत इतका फेमस झाला होता की, वॉचमन मान वर न करता गेट उघडायचा. पुढचं चाक स्पीडब्रेकरवर चढलं की कुईं, उतरलं की पुन्हा कुईं. पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओरडायच्या, 'आली गं, पाळणा हलवत आली!'

गाडी म्हणजे १९८६ ची प्रीमिअर पद्मिनी. क्रीम कलर, स्टिअरिंगला गिअर, पुढे सोफ्यासारखी एकसंध सीट. घरात मात्र तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, ती फियाटच. आणि ते चूकही नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून जी गाडी तयार व्हायची, तिचंच १९७४ मध्ये पद्मिनी असं बारसं झालं. टॅक्सीवाल्यांनी ती अख्ख्या मुंबईला ओळखीची करून दिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा मी त्यावर एक फीचर लिहिलं होतं. भरपूर नॉस्टॅल्जिया, भरपूर टिंबं... बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, 'सगळं ठीक आहे, पण सस्पेंशनबद्दल एक ओळ नाही यात.'

बाबांनी ही गाडी १९९४ मध्ये सेकंडहँड घेतली. बँकेतली नोकरी, त्यामुळे हिशेब पक्का आणि कान त्याहून पक्का. टॅपेट ढिले झालेत, पंख्याचा पट्टा घसरतोय, सायलेन्सरला भोक पडलंय, हे सगळं ते नुसतं ऐकून सांगायचे. लहानपणी आम्ही कोकणात निघालो की वडखळपर्यंत गाडीत बोलायला बंदी असायची. का? तर बाबा 'इंजिन ऐकतायत'!

दोन वर्षांपूर्वी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. गुडघे दुखतात, क्लच दाबवत नाही म्हणाले. मी फ्रीलान्सर, म्हणजे घरातली एकमेव 'रिकामी' व्यक्ती. तेव्हापासून गाडी मी चालवते आणि बाबा बाजूला बसतात.

तर त्या मे महिन्यात ते कुईंकुईं सुरू झालं आणि मी म्हटलं, 'बाबा, पुढून काहीतरी वाजतंय.'

'कुठे? काही नाही वाजत.'

'अहो, आत्ता! हे काय!'

'जुन्या गाडीला थोडा आवाज असायचाच. तुम्हाला एसीत बसून सवय राहिली नाही.'

मला वाटलं, झालं. स्वतःच्या लाडकीत खोट निघाली की माणूस बहिरा होतो. मी विषय सोडून दिला आणि परस्पर एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथे बोनेट उघडायच्या आधीच निदान झालं, 'मॅडम, शॉकॲब्सॉर्बर गेले.' दोन्ही बदलले, साडेसहा हजार दिले, आणि परतीच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर... कुईं!

मग मी शहाणपणा केला. रविवारी दुपारी चार व्हिडिओ बघितले, गंजलेले नट सोडवायचा स्प्रे आणला आणि चाकामागे हात घालून जिथे जिथे म्हणून सांधा दिसला तिथे फुस्स, फुस्स मारला. आवाज गायब! दोन दिवसांनी परत आला, मी पुन्हा फुस्स. मग जून उजाडला, पाऊस लागला आणि अख्खा पावसाळा गाडी गप्प. ऑफिसवाल्या मैत्रिणींना मी ऐकवत सुटले की, बायांनो, स्वतःची गाडी स्वतः रिपेअर करण्यात काय थ्रिल आहे! ऑक्टोबरच्या उन्हात चार दिवस रस्ते वाळले, आणि पूर्वी एकदा यायचा तो आवाज दुप्पट जोरात यायला लागला.

शेवटी कुर्ल्याला गेलो. सीएसटी रोडवर जुन्या पार्ट्सची दुकानं आहेत, तिथल्या एकाने आतल्या गल्लीतल्या मेस्त्रींचा पत्ता दिला. साठीचे गृहस्थ, मूळचे साताऱ्याकडचे, हयात फियाटखाली गेलेली. बाबा सोबत आले होते, पण 'उगाच खर्च' असा चेहरा करून.

मेस्त्रींनी पाना हातात घेतलाच नाही. पुढचं डावं मडगार्ड दोन्ही हातांनी खाली दाबलं, सोडलं, दाबलं. कुईं, कुईं. मग वाकून चाकामागे बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळले.

'ताई, रबराला तेल कुणी पाजलं?'

मी स्टाइलमध्ये सांगितलेलं सगळं थ्रिल तिथेच उतरलं.

त्यांनी जे समजावलं ते मला एकाही व्हिडिओत मिळालं नव्हतं. फियाटला मागे पाटे असतात, पण पुढे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेलं की आर्म बिजागरीसारखे हलतात. मात्र दाराच्या बिजागरीत लोखंडावर लोखंड फिरतं, आणि इथे मध्ये रबराचा बुश असतो. तो फिरत नाही. नुसता पिळला जातो आणि परत सरळ होतो. म्हणजे त्याला ग्रीस-तेल लागतच नाही. उलट तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं, जागेवरून घसरायला लागतं. आणि घसरलं की बोंबलतं. ग्रीस पाहिजे ते किंगपिनला. तिथे ग्रीसगन लावून, आतलं जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारायचा. पावसात आवाज बंद होता, कारण पाणी. ओलं रबर गप्प बसतं.

माझ्या रिपेअरिंगचं श्रेय मान्सूनला गेलं.

आता नेमका कुठला बुश? मेस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली, पोऱ्याला मडगार्ड हलवायला सांगितलं आणि हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली उतरले. टोक सांध्यावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, दुसरं काय! दोन-तीन ठिकाणी लावून बघितल्यावर त्यांनी वर पाहिलं. 'साहेब, या खाली. तुमची गाडी, तुम्हीच ऐका.'

गुडघेदुखीवाले माझे बाबा तीन पायऱ्या टुणकन उतरले. (मी नोंद घेतली.) मूठ कानाला लावली, डोळे मिटले. अगदी तोच चेहरा, वडखळपर्यंतचा. वर पोऱ्या मडगार्ड हलवतोय, गॅरेजभर कुईंकुईं चाललंय.

'काही नाही येत,' बाबा म्हणाले.

मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातातून घेतला आणि मला खाली बोलावलं. मी कान लावला आणि झटक्यात मागे घेतला. फळ्यावर खडू करकरावा तसा आवाज थेट डोक्यात घुसला.

खड्ड्यात आम्ही तिघं. कुणीच काही बोलेना. पोऱ्या आपला वर इमानाने मडगार्ड दाबतोय.

'खालचे आवाज येतात,' बाबा शेवटी म्हणाले. 'इंजिन येतं, गिअर येतो. वरचे नाही येत. दीड-दोन वर्षं झाली असतील.'

'आणि गुडघे?'

'गुडघे ठीक आहेत. भांडुपला एकदा रिक्षावाला मागून हॉर्न देत होता, मला कळलंच नाही. थोडक्यात वाचलो. दुसऱ्या दिवशी किल्ली तुला दिली.'

मला काय काय आठवलं म्हणून सांगू! टीव्हीचा वाढत गेलेला आवाज, त्यावरून आईची चिडचिड. दारावरची बेल वाजली तरी पेपरात डोकं. फोनवर माझं अर्धं बोलणं झाल्यावर 'बरं बरं, आईला देतो'. मी लोकांच्या मुलाखती घेऊन पोट भरते. गप्प बसलेल्या माणसाला बोलतं करायची म्हणे माझी खासियत आहे. आणि घरातला माणूस दीड-दोन वर्षं अंदाजाने माना डोलावतोय, हे मला एका बुशने सांगितलं.

मेस्त्री तोवर दुसऱ्याच कामात होते. त्यांनी बाबांचा उजवा हात धरला आणि खालच्या आर्मच्या आतल्या सांध्यावर ठेवला. 'कान जाऊ द्या साहेब. हाताला काय लागतंय?'

बाबांनी तळवा टेकवला. मग हात काढून पुढच्या बोल्टवर ठेवला, मग मागच्या. पुन्हा पुढच्या. 'इथे. इथे करकरतंय. मागचा साफ आहे.'

मेस्त्रींनी कपड्यांवर मारायची पाण्याची फवारणी बाटली घेतली आणि बरोबर त्या बुशवर पाणी उडवलं. आवाज बंद! पाणी वाळेपर्यंत आम्ही थांबलो. पुन्हा कुईं. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यांच्या रिटायरमेंटच्या फोटोतही नाही.

बुश दोन्ही बाजूंचे बदलले. एकाच बाजूचे बदलले तर गाडी वाकडी वागते म्हणे. स्प्रिंग काढताना मेस्त्रींनी मला चक्क गॅरेजबाहेर उभं केलं. दाबून बसवलेली ती स्प्रिंग निसटली तर हातपाय मोडू शकते, त्यामुळे ती कॉम्प्रेसर लावूनच काढायची. हे काम घरी रविवारी दुपारी करायचं नाही, हे तुम्हालाही सांगून ठेवते.

आणि एक गंमत. नवे बुश घातल्यावर त्यांनी नट हातानेच लावून सोडून दिले. गाडी जॅकवरून उतरवली, चाकं जमिनीवर टेकवली, पुढे-मागे ढकलली, दोन-चारदा हलवली आणि मग खड्ड्यात उतरून नट आवळले. चाकं लटकत असताना आवळले तर काय होतं, ते त्यांनी रबरी पाइपचा तुकडा पिळून दाखवलं. गाडी खाली आली की बुश उभ्या-उभ्याच पिळलेला राहतो, खड्डा आला की आणखी पिळतो आणि लवकर फाटतो. आमचा जुना बुश एकाच बाजूने फाटला होता. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी घाई केली असणार.

परत येताना संध्याकाळ झाली. सोसायटीच्या गेटातला स्पीडब्रेकर आला. मी मुद्दाम हळू घेतला.

'आला?' बाबांनी विचारलं.

'नाही.'

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि मला रिव्हर्स घेऊन पुन्हा न्यायला लावलं. वॉचमन गेट धरून बघतच राहिला.

कानाची तपासणी पुढच्या आठवड्यात झाली. काचेच्या केबिनमध्ये हेडफोन लावून बसायचं आणि बीप ऐकू आली की बटण दाबायचं. ग्राफ डावीकडे बरा होता, उजवीकडे, म्हणजे वरच्या पट्टीत, घसरगुंडीसारखा खाली गेला होता. वयाने असंच होतं, वरचे आवाज आधी जातात, असं डॉक्टर म्हणाल्या. मशीन लावायला बाबा महिनाभर तयार नव्हते. 'गाडीला नवीन पार्ट मिळतो तर घ्यायचा, माझं काय!' यावर आई काय म्हणाली ते इथे छापण्यासारखं नाही.

डिसेंबरात मशीन आलं. दवाखान्यातून ते लावूनच गाडीत बसले. मी इंडिकेटर दिला तर दचकले. 'हे इतकं टिकटिकतं?' एलबीएस रोडवर ट्रॅफिक, हॉर्नचा कल्लोळ. दोन सिग्नल काही बोलले नाहीत. मग एकदम हात वर केला.

'गप्प बस जरा. तुझ्या बाजूच्या दारात काहीतरी किणकिणतंय. काचेच्या पट्टीत स्क्रू ढिला झालाय बघ. ऐकू येत नाही तुला?'

मला खरंच येत नव्हतं.