पाउंडाला एक वाटा

लंडनवर मराठीत काही थोडे लिहिले गेलेले नाही. टॉवर ब्रिज, मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन, बकिंगहॅम राजवाड्यापुढे बदलणारा पहारा यांची वर्णने दिवाळी अंकांतून वाचीतच आमची पिढी मोठी झाली. त्यात भर घालण्याचा माझा मानस नाही. गेल्या वर्षी मे ते ऑक्टोबर असे जवळजवळ सहा महिने मुलीकडे राहण्याचा योग आला. पाहुण्याला त्याहून अधिक राहू देत नाहीत. मुलगी आणि जावई दोघेही सकाळी कामाला जाणार, तेव्हा घरचा बाजारहाट आपोआपच आम्हा उभयतांकडे आला. राजवाडा मी एकदा पाहिला. भाजीची दुकाने मात्र रोज पाहिली. म्हणून हा लेख भाजीच्या पिशवीचा आहे.

मी बीडचा. बीडच्या मंडईत काही घ्यायचे म्हणजे आधी बोलावे लागते. ‘काय मामा, लई दिवसांनी?’ येथून सुरुवात. मग पाऊस झाला का, बोअरला पाणी आहे का, थोरली कुठे दिली, धाकटा काय करतो. एवढे झाल्यावर वांग्याचा भाव निघतो. आणि तो कितीही निघाला तरी ‘एवढा असतो का कुठे!’ असे म्हणणे हा गिऱ्हाइकाचा धर्मच असतो. भेंडीचे टोक मोडून पाहायचे, कलिंगडावर टिचकी मारायची, शेंगा फोडून दोन दाणे तोंडात टाकायचे. बागवान चाचा आपणहून पेरूची फोड कापून हातावर ठेवतो. माप झाले की वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या काड्या. खिशात पैसे कमी भरले, तर ‘द्या की सवडीनं, पळून चाललात का?’ नेकनूरच्या आठवडी बाजारात जा की अंबाजोगाईच्या मंडईत, जिल्हाभर रीत हीच. भाजी घेऊन येणे म्हणजे चार माणसांना भेटून येणे.

ही सवय अंगात मुरलेली असताना लंडनच्या एका मोठ्या दुकानात शिरलो, तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती शांतता. पन्नास-साठ माणसे खरेदी करीत होती आणि आवाज होता तो फक्त ढकलगाड्यांच्या चाकांचा. पूर्वी तेथेही असे नव्हते. सेन्सबरी हे आज देशभर पसरलेले दुकान 1869 साली ड्रुरी लेनमध्ये एका जोडप्याने काढले. पुढे ऐंशी वर्षे काउंटरमागचा माणूस लोणी, चीज तोलून देई आणि गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोले. 1950 साली क्रॉयडनच्या शाखेत गिऱ्हाइकाने आपल्या हातानेच माल उचलायचा, अशी पद्धत या कंपनीने सुरू केली. निवड हाती आली, बोलणे गेले. आता तर पैसे घ्यायलाही पुष्कळ ठिकाणी माणूस नाही. यंत्रापुढे आपणच एकेक वस्तू धरायची. काही चुकल्यासारखे वाटले, की ‘पिशवीच्या जागी अनपेक्षित वस्तू आहे’ असे ते यंत्र बाईच्या आवाजात सुनावते. आमच्या सौभाग्यवतीने तिला पहिल्याच दिवशी उत्तर दिले, ‘अनपेक्षित कशाचं गं बाई, कांदेच आहेत की!’

पिशवीच्या बाबतीत मात्र आम्ही शेर ठरलो. इंग्लंडात मोठ्या दुकानांतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीला 2015 पासून पाच पेन्स आणि 2021 पासून दहा पेन्स मोजावे लागतात. आम्ही नेलेली जाड कापडाची, दोन बंदांची पिशवी पाहून शेजारच्या इंग्रज आजीबाईंनी ती कोठे मिळते म्हणून चौकशी केली.

यावरून इंग्रज माणूस तुसडा, असा निष्कर्ष मात्र काढू नये. त्याचा शिष्टाचार तीन शब्दांत मावतो: ‘प्लीज’, ‘थँक यू’ आणि ‘सॉरी’, पण हे तीन शब्द तो दिवसातून शंभरदा वापरतो. आपला पाय त्याच्या पायावर पडला तरी ‘सॉरी’ तोच म्हणतो. दुकानातला पोरगा ‘यू ऑल राइट?’ असे विचारतो. त्याचा अर्थ ‘काही हवे आहे का?’ एवढाच. त्याला आपल्या गुडघ्याचे दुखणे सांगायला बसू नये. आणि गाड्यावरचा भाजीवाला लहानथोर सगळ्या बायकांना ‘लव्ह’ किंवा ‘डार्लिंग’ म्हणतो. साठी ओलांडलेल्या आमच्या सौ.ला हे संबोधन प्रथम ऐकू आले तेव्हा तिने पदर सावरून माझ्याकडे पाहिले. मी समजूत घातली, की आपल्याकडे भाजीवाल्याला जशी प्रत्येक बाई मावशी, तशी यांना प्रत्येक बाई डार्लिंग. त्याच्या मावशीला जेवढा अर्थ, तेवढाच याच्या डार्लिंगला.

आता रांगेविषयी. इंग्रज दोघे असले तरी रांग करतात, अशी थट्टा त्यांचीच माणसे करतात. रांग त्यांच्या रक्तात आहे म्हणावे, तर तिच्या अंगवळणी पडण्याला एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी 1940 मध्ये तेथे अन्नावर नियंत्रण आले आणि ते जुलै 1954 मध्ये पुरते उठले. गंमत अशी, की युद्ध चालू असताना पाव मोकळा मिळे. तो शिधापत्रिकेवर आला 1946 ते 1948 या काळात, म्हणजे युद्ध जिंकल्यानंतर! चौदा वर्षे सारा देश पिशवी घेऊन उभा होता.

रांग आम्हालाही नवी नाही. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोसाठी रेशनच्या दुकानापुढे आईबरोबर मी उभा राहिलो आहे. दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी खाल्ली आहे. मग आमची रांग टिकली का नाही? मला वाटते, पुढे घुसले नाही तरी आपला वाटा चुकणार नाही, असा भरवसा असला म्हणजे माणूस धक्का देत नाही. आमच्या रांगेत तो भरवसा नव्हता. मिलो मध्येच संपे, आणि ज्याची ओळख असे त्याला मागच्या दाराने मिळे. त्या आठवणीपायीच आजही एस.टी.च्या दारात आम्ही खिडकीतून रुमाल टाकतो.

लंडनमध्ये सगळीच खरेदी अशी मुकी असते असे नाही. शेफर्ड्स बुश येथे रेल्वेच्या कमानींना लागून 1914 पासूनचा एक बाजार आहे. तेथे पाऊल टाकले आणि जीव भांड्यात पडला. आरोळ्या, गर्दी, कापडाची ठाणे, मासळी, आफ्रिकेतले सुरण, वेस्ट इंडीजच्या मिरच्या! एका गाळ्यावर पत्र्याच्या वाट्या मांडून ठेवल्या होत्या. एकीत टोमॅटो, एकीत लिंबे, एकीत ढोबळ्या मिरच्या. ‘पाउंडाला वाटी’ ही लंडनच्या बाजारातली ठरलेली आरोळी. महागाईमुळे कित्येक वाट्या आता दीड-दोन पाउंडांवर गेल्या आहेत. सौ. म्हणाली, ‘अहो, हे तर आपले वाटेच!’ खरेच, आपल्याकडे म्हातारी माळीण गोणपाटावर वांग्या-मिरच्यांचे वाटे घालून बसते, तोच हा प्रकार. न तोलता, नजरेने केलेले माप. फरक एवढाच, की वाट्यातले टोमॅटो उलटून पाहायचे नाहीत. गाड्यावरच्या मालाला गिऱ्हाइकाने हात लावू नये, विक्रेता देईल ते घ्यावे, हा तेथील जुना रिवाज. भावही ठरलेला, घासाघीस नाही.

मापांची गोष्ट तर फारच मौजेची. पाउंड-औंस आम्हाला शिकवून गेलेल्या इंग्रजाला स्वतःला किलो अजून पुरता पचलेला नाही. भारताने दशमान नाणी 1957 साली आणली. इंग्रजांनी 1971 साली. सुटा माल किलोतच विकावा, असा नियम तेथे 2000 साली लागू झाला. आणि पाउंडाच्या मापाने केळी विकली म्हणून संडरलंडच्या एका फळवाल्याला 2001 साली कोर्टाने दोषी ठरविले. केवढा गदारोळ झाला! लोकांनी त्याला हुतात्म्याच्या पंक्तीला बसविले. मला मात्र त्याची बाजू समजली. आमच्याकडे वजन-मापाचा दशमान कायदा 1956 सालचा. तरी खेड्यातली म्हातारी ज्वारी अजून पायलीनेच मोजते. जिभेवरचे माप कायद्याने सुटत नाही.

संध्याकाळच्या वेळी मोठ्या दुकानात आणखी एक दृश्य दिसते. त्याच दिवशी संपवायला हवा असा माल नोकर बाजूला काढतो आणि त्यावर कमी किमतीची पिवळी चिठ्ठी लावतो. काही माणसे, त्यांत म्हातारी अधिक, त्याच वेळेची वाट पाहत फळीपाशी घोटाळत असतात. बाजार उठायच्या वेळी आपल्याकडे जी माणसे येतात, तीच ही. बाहेर पडण्याच्या दाराशी एक मोठी टोपली असते. घेतलेल्या सामानातला एखादा डबा, शेवयांचे पुडके तीत टाकावे, ते गरजूंच्या अन्नपेढीला जाते. देणारा कोण, घेणारा कोण, दोघांनाही ठाऊक नाही.

भाकरीचे पीठ, मेथी, गवार यांसाठी आम्ही वेंब्लीच्या इलिंग रोडवर जात असू. तेथे गुजराती दुकानांची रांगच आहे. बाजरीचे, ज्वारीचे पीठ पुडक्यांत मिळते. मे महिन्यात हापूस-केशरच्या पेट्या फुटपाथवर येतात. 2014 च्या मे महिन्यात युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून आपल्या आंब्याला बंदी घातली होती. ती 2015 च्या जानेवारीत उठली. ऑक्टोबरात एका दुकानात सीताफळाची पाटी पाहून आम्ही धावलो. फळ स्पेनमधले निघाले. आपल्या सीताफळाची ती चुलतबहीण. चव गोड, पण साल सपाट, डोळे उमललेले नाहीत. बालाघाटाच्या डोंगरात पिकणाऱ्या आमच्या बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे मी त्या दुकानदाराला अभिमानाने सांगितले.

तोच धागा धरून त्याने विचारले, ‘तमे क्यांना?’ सहा महिन्यांत ‘तुम्ही कुठले?’ असे मला दुकानात विचारणारा हा पहिला माणूस! मी बीड म्हटले. ‘मुंबईजवळ?’ मी म्हटले, ‘बऱ्यापैकी.’ मग त्याने आपली कथा सांगितली. इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडायला लावले, तेव्हा तो बापाचे बोट धरून विमानात चढला होता. साल 1972. म्हणजे मी मिलोच्या रांगेत होतो त्याच वर्षी. निघताना त्याने पिशवीत मिरच्या टाकल्या. पैसे घेतले नाहीत. सौ.चे डोळे भरून आले.

त्या विचारपुशीने मीही सुखावलो. पण घरी येताना मनात दुसरे आले. आमच्याकडे ‘कुठले?’ हा प्रश्न एकटा येत नाही, त्याच्यामागून ‘कोणाचे?’ येतो, आणि त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही ठरते. मला तो कधी बोचला नाही, कारण आडनाव सांगून माझे कधी काही गेले नाही. ज्यांचे गेले, त्यांना विचारावे. काही माणसांच्या हातचे पैसे वरून टाकून घेणारा दुकानदार आणि त्यांच्यासाठी चहाचा वेगळा पेला ठेवणारे हॉटेल मी लहानपणी पाहिले आहे.

प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर 10 क्रमांकाचे घर आहे. 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत असताना तेथे राहत. महाराष्ट्र सरकारने ते 2015 साली घेऊन त्याचे स्मारक केले. लंडनच्या त्या दिवसांत पैशाअभावी ते अर्धपोटी राहत आणि रात्रीची भूक पापडावर भागवीत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. पोट भरले नाही, पण ‘कोणाचे?’ हा प्रश्न पाववाल्याने विचारला नसेल. अर्थात इंग्रजांनाही सोवळ्याचा मान देऊ नये. जात विचारावी लागते, रंग न विचारताच दिसतो. काळ्या माणसाला खोली नाकारणाऱ्या पाट्या त्या शहराने पाहिल्या आहेत, आणि सार्वजनिक जागी असा भेद करण्याविरुद्ध पहिला कायदा व्हायला तेथे 1965 साल उजाडले.

तेव्हा त्यांचे सारे चांगले आणि आमचे वाईट, किंवा उलट, असे मी म्हणणार नाही. न विचारण्याने माणूस मोकळा राहतो आणि एकटाही पडतो. विचारण्याने जवळ येतो आणि अडकतोही. मला वाटते, ‘कुठले?’ जरूर विचारावे. गावाचे नाव कळले की तेथे थांबावे, आणि मिरच्या पिशवीत टाकाव्यात.

आता, मुलाबाळांकडे निघालेल्या बीडकरांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पेढे, खवा, तूप नेऊ नये. दुधाचे पदार्थ तेथे काढून घेतात. ताजी फळे-भाज्याही बहुतेक प्रमाणपत्रावाचून नेता येत नाहीत, म्हणून सीताफळे घरीच खाऊन निघावे. काळा मसाला, येसर, कारळाची आणि जवसाची चटणी मात्र भरपूर न्यावी. या वस्तू इलिंग रोडवर सहज मिळत नाहीत. रविवारी मोठी दुकाने 1994 च्या कायद्याप्रमाणे सहाच तास उघडी असतात, हे लक्षात ठेवावे. प्रत्येक वस्तूच्या किमतीला शंभराने गुणणे पहिल्या आठवड्यानंतर सोडून द्यावे, नाही तर कोथिंबीरही घशाखाली उतरत नाही. आणि डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. हे मंडळ 1932 सालापासून चालू आहे. तेथे एकदा तरी जाऊन यावे. तेथे तुम्हाला ‘कुठले?’ असे नक्की विचारतील.