तिसरी पिन

१४ एप्रिलची संध्याकाळ. पिंपळवंडीतल्या आमच्या वस्तीत वंदना झाली, पाहुण्यांची भाषणं झाली आणि जलशाची पाळी आली. ढोलकी लागली, हलगी तापली. इलेक्ट्रिक गिटारची वायर अँपला जोडली आणि स्पीकरमधून ‘घूंऽऽऽ’ सुरू झालं. गायक श्वास घ्यायला थांबला की ते आणखी मोठं वाटायचं. पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, “बाबासायबाचं गानं हाय का भुंगा सोडलाय?” लोक हसले. आम्हीही हसलो, पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

ती गिटार आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून जुन्यात घेतली होती. ती काहींना खटकतच होती. “तुमची हलगी काय वाईट आहे?” असं आम्हाला हसत हसत विचारलं जायचं. हलगीची आम्हाला लाज नाही. पण ती आमच्याच गळ्यात कायमची कुणी अडकवली? जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलंय. वाद्यांचीही तशीच वाटणी झाली. चामडं कुणी बडवायचं आणि बैठकीत तंबोरा कुणी लावायचा, हे जन्मावर ठरलं.

आमच्या जवळच नारायणगाव आहे, तमाशाच्या फडांचं गाव. विठाबाई नारायणगावकरांनी महाराष्ट्र गाजवला, राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला, तरी अखेरचे दिवस हलाखीतच गेले. कला आपली, घाम आपला, पण साधनं आणि पैसा दुसऱ्याच्या हातात. हे आम्हाला नवीन नाही. म्हणूनच गिटार दुरुस्तीला शहरात नेली तेव्हा दुकानदाराने आधी आडनाव विचारलं आणि मग “तुमच्या कार्यक्रमांना बेंजो बरा पडतो” असा सल्ला दिला, तेव्हा आम्ही भांडलो नाही. गिटार उचलली आणि ठरवलं, हिचं पोट आपणच उघडायचं.

खरं तर बेंजोवाल्यांनी ही वाट आधीच पाडून ठेवली आहे. महाराष्ट्रातल्या बेंजो पार्ट्यांत पोलादी तारांजवळ पिकअप बसवूनच बेंजो मिरवणुकीत घुमतो. गिटारचंही शास्त्र तेच. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. अडचण एवढीच, की ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइट, आसपासच्या वायरी यांची ५० हर्ट्‌झची गुणगुणही तो तितक्याच इमानाने पकडतो. यावर १९५५ साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी उपाय काढला. दोन कॉइल, एकमेकींच्या उलट्या गुंडाळलेल्या आणि त्यांचे चुंबकही उलटे. बाहेरची गुणगुण दोघींत विरुद्ध दिशेने येते म्हणून कटते. तारांचा आवाज मात्र दोनदा उलटून सुलट होतो म्हणून जोडला जातो. हाच हमबकर.

आमच्या गिटारला तीन सिंगल कॉइल होते. पुलाजवळचा काढून त्याच खाचेत मावणारा छोटा हमबकर आम्ही मागवला. लाकूड कोरायची गरज पडली नाही. तारा सोडल्या, वरची पट्टी उघडली आणि आतल्या प्रत्येक जोडाचा आधी मोबाइलवर फोटो काढला. सोल्डरिंग आयर्न आयटीआयला जाणाऱ्या भावाचं होतं. त्याने पहिला धडा दिला, “कथील नाही, जोड तापवायचा. जोड तापला की कथील आपोआप पळतं.” आमचे पहिले तीन जोड कच्चे निघाले, चौथा चकाकला.

हमबकरच्या चार रंगीत तारा आणि एक उघडी तार. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, सोबतचा कागद वाचायलाच हवा. आम्ही तो उत्साहात बाजूला ठेवला होता. गिटार वाजवली तर आवाज पातळ, मेलेला, आणि गुणगुण आधीपेक्षा मोठी! कागद पाहिला. एका कॉइलच्या दोन तारा उलट्या लागल्या होत्या. म्हणजे आपसातला आवाज कटत होता आणि बाहेरचा गोंगाट दुप्पट होत होता. भाऊ म्हणाला, “आपल्या गटातटांसारखंच झालं की हे!” यावर कुणी काही बोललं नाही. तारा बदलल्या आणि आवाज भरला.

तरीही स्पीकरमध्ये ‘चर्रर्र’ उरलंच. तेव्हा एक परीक्षा शिकलो. गिटार हातात धरून फिरवल्यावर आवाज कमीजास्त झाला, तर दोष बहुधा पिकअपमध्ये शिरणाऱ्या चुंबकीय गुणगुणीचा. तारांना हात लावल्यावर आवाज दबला, तर दोष शिल्डिंगचा किंवा अर्थिंगचा. आमचा दबत होता. अँपची पिन पाहिली. तीन पिनांपैकी वरची जाड पिन नव्हतीच. दोन छिद्रांच्या एक्स्टेन्शन बोर्डात बसत नव्हती म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्हीच ती पकडीने तोडली होती.

माइकला ओठ लागले की आमच्या गायकाला झिणझिण्या यायच्या, ते आठवलं. आम्ही त्याची चेष्टा करायचो, “भीमगीताचा करंट!” तो करंट खराच होता. एखाद्या ओल्या रात्री आम्ही आमचा गायक गमावला असता, आणि त्याचा दोष आम्हाला कोणत्याही दुकानदारावर किंवा व्यवस्थेवर ढकलता आला नसता. परवानाधारक वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं, तीन पिनांचे बोर्ड आणले. बुद्धपौर्णिमेला भुंगा आला नाही. आजीही काही बोलली नाही. ती गाणं ऐकत होती.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा कारभार पाहताना, १९४३ साली बाबासाहेब स्वस्त आणि मुबलक विजेसाठी आग्रह धरत होते. १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद. आपण मात्र वीज वापरतो आणि तिचं ज्ञान दुसऱ्यावर सोडतो. ‘शिका’ म्हणजे फक्त पदवी नव्हे. कथील कसं वितळतं आणि तिसरी पिन कशासाठी असते, हेही त्यातच येतं. जो स्वतःचं साधन उघडू शकत नाही, त्याचा आवाज दुरुस्त करणाऱ्याच्या मर्जीवर राहतो.

तेव्हा एक विनंती. पुढच्या जयंतीला डीजे, बॅनर, फुलं यांची यादी कराल, तिच्यात सगळ्यात वर अर्थिंग लिहा. आपल्या वस्तीतल्या एका मुलाच्या आणि एका मुलीच्या हाती सोल्डरिंग आयर्न द्या. आणि आज घरी गेल्यावर आपल्याच प्लगची तिसरी पिन शाबूत आहे का, ते बघा.

जय भीम!