सव्वाचार किलो

माझी जुनी गिटार मी पहिल्यांदा तोलली ती किराणा दुकानातल्या काट्यावर. सव्वाचार किलो. त्याआधी कधी गरज पडली नव्हती, कारण खांदा शाबूत होता. मग दौलताबादच्या घाटात बाइक घसरली आणि डावं कॉलरबोन मोडलं. हाड जुळलं, पण गिटारचा पट्टा नेमका तिथेच रुततो. तिसऱ्या गाण्याला बोटं बधिर. "बसून वाजव की," असं सगळे सांगतात. त्यांनी कधी बसून रॉक वाजवून बघावं.

अण्णा सुतार. खुलताबादेतली कितीतरी दारं त्यांच्या हातची. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे त्यांच्या लेखी तारा लावलेली फळी. हसू नका, मुद्दा बरोबर आहे. 1940 च्या सुमारास लेस पॉलने चार इंच जाड पाइनच्या ओंडक्यावरच तारा ताणल्या होत्या. लोकांना ती गिटार वाटेना, म्हणून त्याने दोन्ही बाजूंना एका जुन्या गिटारचे कापलेले अर्धे भाग चिकटवले. मिरजेच्या तंबोऱ्यात भोपळा आवाज मोठा करतो. इथे ते काम अँप करतो. तारेची थरथर चुंबकावर गुंडाळलेली तांब्याची तार पकडते. मग एवढं लाकूड कशाला वाहायचं?

अण्णांकडे शिवणीची एक फळी होती, आजोबांच्या वेळची. शिवण सागापेक्षा हलकी आणि सुकली की फारशी वळत नाही. फळी एकच. "बिघडवलीस तर दुसरी नाही," म्हणाले आणि दिली.

मी मागून पोकळ करत गेलो. ब्रिजखाली आणि मधोमध भरीव पट्टा ठेवला, बाकी खोदलं. (वेरूळ इथून जवळ आहे, उपमा सुचली असेलच. मी देत नाही.) मान सागाची, आत लोखंडी गज, कारण सहा तारा मिळून पंचेचाळीस किलोच्या आसपास ओढतात. पडद्यांची मापं गणिताने काढली: 648 मिलिमीटरला 17.817 ने भागलं की पहिला पडदा 36.37 वर. मग उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार. अण्णांनी ती वही दोनदा तपासली. जन्मभर सूत आणि इंचात मोजलेल्या माणसाला दशांश चिन्हावर भरवसा नसतो.

तारा चढवल्या, पट्टा घातला, हात सोडले. मान धाडकन जमिनीकडे गेली.

धड हलकं करण्याच्या नादात मी मानेचं वजन विसरलो होतो. आता डाव्या हाताने ती उचलून धरायची, म्हणजे ओझं पुन्हा त्याच खांद्यावर. सहा आठवडे पाण्यात. मी रागाने गिटार कोपऱ्यात ठेवली आणि चार दिवस दुकानाकडे फिरकलो नाही.

पाचव्या दिवशी बघतो, तर अण्णांनी वरचं शिंग कापलं होतं. कापाकापीतून उरलेला शिवणीचा तुकडा खाच पाडून असा जोडला होता, की शिंग लांब होऊन बाराव्या पडद्यापर्यंत आलं होतं. पट्ट्याची खुंटी टोकाला. मला विचारलं नव्हतं. मी बरोबर वजनाने हलक्या खुंट्या मागवल्या.

पुन्हा तोच काटा. दोन किलो सहाशे.

काल उभा राहून सात गाणी वाजवली. सातव्याला खांदा दुखला. अण्णा दारात उभे होते, गाणं संपल्यावर म्हणाले, "जोड दिसतोय. पॉलिश नीट कर."