आडवा रेडिओ

वाईच्या घरी स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला एक चिंचोळी फळी आहे. तिच्यावर आईचा वीतभर लांबीचा रेडिओ असतो. तोही भिंतीला टेकवून नव्हे, आडवा. अर्धा फळीच्या बाहेर. मी गेलो की तो सरळ करून ठेवायचो आणि तासाभरात आई पुन्हा आडवा करायची. "असाच नीट लागतो रे," एवढंच म्हणायची. गेल्या दिवाळीत चकलीचा डबा काढताना माझं कोपर लागलं आणि रेडिओ थेट शहाबादी फरशीवर आपटला.

आई बोलली काहीच नाही. उचलून कानाशी धरला, हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. ते ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. बाबा गेल्यापासून पुण्याहून लागणाऱ्या सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या बातम्या म्हणजे त्या घरात ऐकू येणारा पहिला माणसाचा आवाज.

चालू करून पाहिला. एफएमवर गाणं स्वच्छ लागलं. मीडियम वेव्हवर मात्र नुसती खरखर. तेव्हाच थोडा धीर आला. सेल, स्पीकर, आवाज वाढवणारा भाग सगळं शाबूत होतं. एफएमला बाहेर ओढायची काडी असते, मीडियम वेव्हचं एरियल मात्र पेटीच्या आत. शाळेत असताना सुट्टीत गल्लीतल्या एका रेडिओवाल्या काकांकडे मी जाऊन बसायचो, त्यांनीच हे शिकवलं होतं.

मागचे तीन स्क्रू काढले, तरी झाकण हलेना. चौथा सेलच्या खणात दडलेला होता. आत धूळ, पिठाचा सूक्ष्म थर आणि फोडणीचा जुना वास. पट्टीवर पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या आणि लाल टोप्यांचे चौकोनी पत्र्याचे डबे ओळीने उभे होते. मीडियम वेव्हवर कुठलंही स्टेशन लावा, त्याची लहर आत आल्यावर ४५५ किलोहर्ट्झवर आणली जाते. लाल टोपीवाला ते काम करायला मदत करतो, बाकीचे तेवढीच लहर गाळून पुढे सोडतात. काकांचा दंडक होता, या टोप्या उगाच फिरवायच्या नाहीत. मी त्यांना हात लावला नाही.

दोष वरच्या कडेला होता. पेटीच्या लांबीभर बसवलेली काळी फेराइटची कांडी मधोमध तुटली होती. फेराइट दिसतं लोखंडासारखं, पण असतं भट्टीत भाजलेलं, खापराच्या जातीचं. पडलं की वाकत नाही, तुटतं. तिच्यावर गुंडाळलेल्या कॉइलची एक तारही सुटून लोंबत होती.

तुकडे जुळवले तर भेग जेमतेम दिसत होती. तुटलेल्या जागी फट जितकी कमी, तितकी कांडी कामाची राहते, म्हणून फेव्हिक्विकचा एकच थेंब टाकला आणि दोन्ही बाजूंनी दाबून धरलं. तारेनं खरा वेळ घेतला. ती एक तार नसतेच. केसासारख्या सात तारांचा तो पीळ, आणि प्रत्येकीवर वेगळं इनॅमल. एक जरी नीट खरवडली गेली नाही तरी ग्रहण कमी होतं. आईनं शिवणाच्या मशीनवरचा दिवा आणून माझ्या हातावर धरला. एकेक तार ब्लेडनं साफ करून सोल्डर करेपर्यंत तिनं हात हलू दिला नाही.

झाकण लावलं, ७९२ वर काटा आणला. पुणं लागलं! मी आनंदानं रेडिओ फळीवर ठेवला, नेहमीसारखा सरळ, आणि आवाज पार बसला. आईनं पुढं होऊन तो आडवा केला. निवेदिकेचा आवाज खणखणीत झाला.

मी तिथंच उभा राहिलो. आत्ताच हातात धरलेली ती कांडी डोळ्यांपुढे आली. तिची कूस स्टेशनकडे असली की ग्रहण सर्वांत चांगलं, टोक स्टेशनकडे असलं की सर्वांत वाईट. वाईहून पुणं उत्तरेला, फळीही दक्षिणोत्तर. म्हणजे मी इतकी वर्षं कांडीचं टोक नेमकं पुण्याकडे करून ठेवत होतो. आईनं ती कांडी त्या दिवसापर्यंत कधी पाहिली नव्हती, पण रेडिओ कुठं वळवावा हे तिनं कानानं शोधून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुताराकडून वीतभर रुंदीची फळी कापून आणली आणि जुनीच्या जागी ठोकली. रेडिओ आता आडवा, पण पुरता फळीच्या आत.