कुमसारासाठी एक डबी



संत मार्कच्या शुभवर्तमानातील बहिऱ्या माणसाची गोष्ट मी धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी सांगतो. मुलांना 'इफ्फाथा' हा शब्द फार आवडतो. माझे लक्ष मात्र त्याआधीच्या बारीकशा तपशिलावर अडते. येशूने त्या माणसाला आधी गर्दीतून बाजूला नेले. चारचौघांतही बरे करता आले असतेच की!

आमच्या धर्मग्रामातील एक मावशी, वय ऐंशीच्या पुढे, मिस्सा कधी चुकवत नाहीत. पण आगमनकाळात त्या कुमसाराला आल्या नाहीत. कारण विचारले तर म्हणाल्या, "बाळा, फादरना ओरडून बोलावं लागतं. मीही ओरडते. माझी पापं सगळ्या रांगेला कळतात." कानाचे यंत्र आहे, पण ते शिट्टी मारते म्हणून ट्रंकेत पडून. एका म्हातारीने लाजेपोटी पापक्षमेवाचून राहावे, हे मला झोपू देईना.

मी बी.ए. मराठीचा. इलेक्ट्रॉनिक्स शिकलो ते जुने रेडिओ उघडून आणि सोल्डरिंगचे चटके खाऊन. एलएम ३८६ नावाची आठ पायांची आयसी ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालते आणि आवाजाचा सिग्नल २० पट वाढवते. पहिल्या व आठव्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला तर २०० पट, त्याच्यासोबत १.२ किलोओहमचा रेझिस्टर घातला तर ५० पट. मी ५० वर थांबलो. त्यापुढे खरखरही तितकीच वाढते, आणि थकलेल्या कानाला मोठ्यापेक्षा स्पष्ट आवाज हवा असतो.

खरी करामत आयसीत नाहीच, ती माइकच्या जागेत आहे. बोलणाऱ्याच्या तोंडापासूनचे अंतर निम्मे केले की आवाजाचा दाब साधारण दुप्पट होतो. देवळातल्या पंख्याची घरघर मात्र आहे तेवढीच राहते. म्हणून माइक फादरांच्या कॉलरला, आणि मावशींना कान पूर्ण झाकणारा हेडफोन, म्हणजे आवाज बाहेर गळून शिट्टीही नाही. हेडफोनच्या वाटेत एक रेझिस्टर टाकला. माइक चुकून हातातून पडला तर कानात दणका नको.

"पप्पा, ब्लूटूथ लावा ना," मुलगा म्हणाला. मी नाही म्हटले. कुमसारात बोललेले हवेतून कुठेही जाता कामा नये. त्या संस्काराची गुप्तता मोडायचा अधिकार कोणालाच नाही, मग माझ्या डबीला कुठून असणार? चार फूट शिल्डेड वायर पुरे.

फादरनी डबी हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, "यात काही रेकॉर्ड होतं का?" मी झाकण उघडून दाखवले: आयसी, काही कपॅसिटर, रेझिस्टर, आवाजाचे बटण, बॅटरी. साठवायला जागाच नाही. त्यांनी समाधानाने मान हलवली.

प्रायश्चित्तकाळातल्या दुसऱ्या शनिवारी मावशी आल्या. मी रांगेच्याही मागे, दाराशी उभा होतो. आतून काहीच ऐकू आले नाही. वीसेक मिनिटांनी बाहेर येऊन त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला.

"बघ हं बाळा," त्या म्हणाल्या, "बॅटरी संपली असेल."