आठ आठवडे पुरतील असा प्रश्न

पदवीची मुलं उन्हाळी संशोधनासाठी आमच्या प्रयोगशाळेत येतात, ती माणसाच्या मेंदूबद्दल भरपूर वाचून. स्मृती कुठे साठते, जाणीव कशी निर्माण होते, असे त्यांचे प्रश्न असतात. मी त्यांच्या हाती फळमाश्यांची वायल, म्हणजे छोटी नळीसारखी बाटली, देते. काहींचा चेहरा उतरतो, पण माझा आग्रह कायम असतो.

कारण वेळ. आपल्याकडच्या विज्ञान अकादम्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती साधारण दोन महिन्यांची. उंदराची एक पिढी जन्मून प्रौढ व्हायलाच त्याहून अधिक काळ लागतो. फळमाशीची पिढी २५ अंश तापमानाला दहा दिवसांत तयार होते. संकर लावायचा, नव्या माश्या तपासायच्या, शंका आली की पुन्हा लावायचा. हे ‘पुन्हा’ दोन महिन्यांत बसतं, आणि मुलं खरी शिकतात ती तिथेच. शिवाय माशीचा मेंदू आवाक्यातला आहे. २०२४मध्ये प्रौढ मादीच्या मेंदूतल्या १,३९,२५५ चेतापेशींचा जोडण्यांसकट नकाशा प्रसिद्ध झाला. माणसात त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत.

पहिला प्रयोग मी चवीचा देते. माशी पायांनीही चव घेते. रात्रभर उपाशी ठेवलेली माशी पिपेटच्या टोकात अशी अडकवायची, की डोकं आणि पुढचे पाय बाहेर राहतील. पायाला साखरेचं पाणी लावलं की सोंड बाहेर येते. हे पाहिल्यावर मुलं हरखतात आणि लगेच वहीत लिहितात : गोड ओळखलं. मग मी नुसतं पाणी लावायला सांगते. तहानलेली माशी त्यालाही सोंड बाहेर काढते! म्हणजे आधी तिला पोटभर पाणी पाजायचं, पाण्याला प्रतिसाद थांबल्याची खात्री करायची, मगच साखर. त्यानंतर वायलींवरची नावं झाकून दुसऱ्याने सांकेतिक आकडे घालायचे. साधी माशी कोणती आणि जनुकात बदल झालेली, म्हणजे उत्परिवर्तित, कोणती हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. आपल्याला हवं तेच डोळ्यांना दिसतं, हे व्याख्यानातून पटत नाही. स्वतःच्या वहीतले आकडे बदलले की पटतं.

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७०च्या दशकात चव आणि वास न कळणाऱ्या फळमाश्या शोधून काढल्या. या संवेदनांमागची जनुकं शोधण्याची वाट त्यातून खुली झाली. नैरोबीत वाढलेल्या, मूळच्या गोव्याच्या रॉड्रिग्ज सिद्दिकींचं काम वाचून मुंबईला आल्या होत्या. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतेच.

उन्हाळी विद्यार्थी म्हणजे फुकटचे हात, असं मानणारे मार्गदर्शक मला मुळीच मान्य नाहीत. दोन महिने दुसऱ्याच्या माश्यांसाठी मक्याचं पीठ, यीस्ट आणि अगर शिजवत राहिलेल्या मुलाच्या हाती प्रमाणपत्र येतं, प्रश्न येत नाही. खाद्य शिजवायला शिकलंच पाहिजे, पण ते स्वतःच्या प्रयोगासाठी. प्रश्न लहान असू दे, त्याचं उत्तर ‘फरक दिसला नाही’ असंही येऊ दे. तो त्या मुलाचा असावा.

आणि पैसे. विद्यावेतन व राहण्याची सोय नसेल, तर ज्यांचे नातेवाईक पुण्या-मुंबईत आहेत तेच येऊ शकतात. गडचिरोलीच्या मुलीची निवड मग कागदावरच राहते. म्हणून विद्यार्थी निवडण्याआधी मी वसतिगृहातल्या खोलीची चौकशी करते. अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी महिने आधी भरावे लागतात. महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी दिवाळीच्या सुमारासच या अर्जांची चौकशी करावी आणि शिफारसपत्रं वेळेत द्यावीत.