आधी भिंतीतला पॉइंट, मग ग्राफिक्स कार्ड

फर्दापूरच्या टी पॉइंटवर आमचं छोटं दुकान आहे. अजिंठा लेणी बघायला येणारी मंडळी इथे गाड्या लावतात आणि पुढचे चार किलोमीटर बसने जातात. त्यांच्या येण्याजाण्यावरच आमचं घर चालतं. 2023 च्या दिवाळीचा हंगाम बरा गेला आणि धाकट्या भावाला गेमिंग कॉम्प्युटर घेऊन द्यायचं मी ठरवलं. हातात 45 हजार होते आणि त्यात मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस असं सगळंच बसवायचं होतं. हे यंत्र मुख्यतः खेळायलाच घेतोय, हे आप्पांना आधीच सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "घ्या, पण टिकेल असं घ्या."

भावाने यादी केली, तिच्यात पहिलं नाव ग्राफिक्स कार्डाचं. "दादा, कार्डाशिवाय गेमिंग पीसी कसला?" त्याचं म्हणणं खरंच होतं. गेममध्ये सगळ्यात जास्त काम कार्डालाच पडतं. पण चांगलं कार्ड वीस हजारांच्या आसपास. ते घेतलं की उरलेल्या पैशांत बाकी सगळं हलक्या दर्जाचं घ्यावं लागणार, आणि पहिली काटछाट होणार ती पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे एसएमपीएसमध्ये.

ती मला मान्य नव्हती. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. पावसाळ्यात जरा वारा सुटला की लाइट जाते आणि येताना झटका देऊन येते. शिवाय घराच्या वायरिंगला नीट अर्थिंग नव्हतं. मिक्सरच्या धातूच्या भागाला हात लागला की झिणझिण्या यायच्या. पत्र्याच्या कॅबिनेटलाही तसाच करंट उतरला असता. म्हणून यादी मी भिंतीतल्या पॉइंटपासून सुरू केली. गावातल्या वायरमनने घरामागे खड्डा घेतला, पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं आणि तिथून पॉइंटपर्यंत वेगळी वायर ओढली. खर्च अडीच हजार. आमची जमीन मुरमाड, त्यामुळे उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायचं काम आई आठवणीने करते.

सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा बाजारातही गर्दी नसते. असाच एक सोमवार धरून आम्ही जळगावला गेलो. एका दुकानात कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट मिळत होता, वर 450 वॉट छापलेलं. लेबल नीट वाचलं तर 12 व्होल्टच्या लाइनवर फक्त 16 अँपिअर. 12 गुणिले 16 म्हणजे 192 वॉट. प्रोसेसर आणि कार्ड याच लाइनवर चालतात, त्यामुळे खरी ताकद तेवढीच. तो सोडून 80 प्लस ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा 550 वॉटचा चार हजारांना घेतला.

प्रोसेसर रायझन 5 5600जी निवडला, साडेदहा हजारांना. सहा कोर, सोबत पंखा आणि मुख्य म्हणजे आतच ग्राफिक्स. त्यामुळे कार्ड नसतानाही खेळता येतं. या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. म्हणून 16 जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घेतल्या. दोन पट्ट्यांमुळे मेमरीचा वेग दुप्पट मिळतो आणि तो फरक गेममध्ये लगेच दिसतो. बी450 मदरबोर्डची चिपसेट जुनी, म्हणून नव्या प्रोसेसरसाठी बायोस अपडेट केलेला आहे का, हे दुकानदाराला समोर चालू करून दाखवायला लावलं. 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी, 24 इंची मॉनिटर आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही, हवा खेळती हवीच. 600 व्हीएचा यूपीएस धरून बिल 40 हजार 900 झालं, अर्थिंगसह 43 हजार 400. प्रत्येक वस्तूचं जीएसटीचं पक्कं बिल घेतलं, कारण वॉरंटी त्याच्यावरच अवलंबून असते.

त्या यंत्रावर व्हॅलोरंट झकास चालायचा, जीटीए 5 सेटिंग थोडी उतरवून. कार्डासाठी भावाला पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. मधल्या काळात जुनं आरएक्स 580 स्वस्तात मिळत होतं. 2022 च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग थांबल्यावर अशी रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात खूप आली होती. ते 185 वॉट खातं आणि त्याला वॉरंटी नाही, म्हणून घेतलं नाही. पैसे जमल्यावर नवं आरएक्स 6600 घेतलं. त्याला 132 वॉट पुरतात. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉटचा भार पेलतो, त्यात प्रोसेसर, कार्ड आणि मॉनिटर मावतात. कार्ड लावताना ना एसएमपीएस बदलावा लागला, ना यूपीएस.

5600जी सोबत कार्डाचा वेग थोडा कमी मिळतो, कारण त्याची कॅश मेमरी साध्या 5600 च्या निम्मी आहे. हे ठाऊक असूनही तो घेतला, कारण त्याच्यामुळे भावाला पहिल्या दिवसापासून खेळता आलं.

खेड्यात राहून कमी पैशांत गेमिंग कॉम्प्युटर जुळवणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: कार्ड नंतर घेता येतं, रॅम वाढवता येते, पण खराब वीज एका झटक्यात सगळंच घेऊन जाते. आधी अर्थिंग, चांगला एसएमपीएस आणि यूपीएस यांचे पैसे बाजूला काढा. उरलेल्यात जे बसेल, त्यावर बिनधास्त खेळा.